मासळीचा बर्फ

ऐंशी-पंच्याऐंशी सालच्या सुमारास मिरकरवाडा बंदरावर मासळी घ्यायला गेले की तो दिसायचा. उंच, अनवाणी, लाकडी मोगरीने बर्फाच्या लाद्या फोडणारा.

एकदा माझी जीप तिथल्या ओल्या उतारावर घसरायला लागली. त्याने चाकांखाली गोणपाटं टाकली आणि वाकून टायर चाचपले.

"बाय, टायर गुळगुळीत झालेत. पुढची चाकं पण ओढतात ना? मग तो गियर टाका."

जीप वर आली. "गाडी चालवता का?" मी विचारलं.

"मी नाय. पोरगा लष्करात ट्रक चालवायचा. सुट्टीत आला तेव्हा सांगत होता, तिकडे बर्फात चाकांना साखळ्या बांधतात. मी हसलो त्याला. म्हटलं, तुझा बाप जन्मभर बर्फात उभा हाय, त्याला लागली काय साखळी?"

त्या सुट्टीनंतरच्याच हिवाळ्यात मुलाचा ट्रक घसरून दरीत गेला, मुलगा वाचला नाही. साखळ्या बांधल्या होत्या की नव्हत्या, हे त्याला कधीच कळलं नाही.

बापाच्या थट्टेवरून कोणी साखळ्या बांधायचं सोडत नाही, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

"होय," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला मी नवे टायर घालून गेले. त्याने खाचांतून बोट फिरवलं, मान हलवली आणि मागे उभ्या ट्रकच्या चाकाशी जाऊन वाकला.