पानावरचं कुंकू

वाचनालयातली ती लढायांची कादंबरी तिसऱ्यांदा माझ्याकडे बांधायला आली. मी पुस्तकं बांधतो, वाचत नाही. चौथीत शाळा सुटली, त्याची मला लाज नाही. पण आज एका पानापाशी हात थबकला. सरदार घोड्यासकट कड्यावरून उडी घेतानाचं चित्र होतं, तिथे समासात कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं.

“मीच वाहिलं,” बायको म्हणाली. बांधायला आलेली पुस्तकं ती वाचते. “जगला ना तो.”

मी हादरलो. “अगं, तो कधी जन्मलाच नाही. लिहिणाऱ्याने रचलाय.”

“मग तो जगावा म्हणून दोन दिवस मी उपाशी राहिले, ती कोणासाठी?”

इतकी वर्षं मी नुसते कागदच शिवत होतो की काय?

संध्याकाळी ग्रंथपाल पुस्तक न्यायला आले. खळ अजून ओली आहे, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.