शेवटच्या पानाचा उपास

वडिलांनी परळीतल्या आमच्या लोखंडाच्या दुकानाची दुसरी किल्ली करून आणली आणि माझ्या टेबलासमोरच्या खिळ्याला अडकवली. धमकी द्यायची ही त्यांची सभ्य पद्धत. घरबसल्या मिळालेलं माझं काम महिनाभराच्या बोलीवर होतं. ते सुटलं की मी गल्ल्यावर.

काम असं. लिस्प नावाची एक म्हातारी प्रोग्रामिंगची भाषा आहे. ती संगणकावर चालवणाऱ्या एका प्रणालीतलं 'मॅप' हे फंक्शन मला वेगवान करायचं होतं. यादीतल्या प्रत्येक वस्तूवर तेच ते काम करणं, एवढाच त्याचा धंदा. यादी छोटी असली की पळायचं, लांबलचक असली की फतकल मारून बसायचं. तीन आठवडे मी नको तिथं डोकं खुपसलं. फरक शून्य.

त्यात धारूरला चुलत बहिणीचं लग्न निघालं. दुपारच्या पंगतीत माझ्या हातात वरणाची बादली आली. आमच्याकडे पहिल्या पानावर व्याही, आणि घरचे लोक पार शेवटी. अर्ध्या ओळीत बादली संपली. भरून आणली आणि राहिलेल्या पानाकडे निघालो, तर चुलत्यांनी दंड धरला.

"तिकडं कुटं बे? भरली बादली आदी व्याह्याला दाव. मग एकेकाला इचारत फुडं जा. मान हाय त्यो!"

झालं. दर बादलीला पुन्हा पहिल्या पानापासून. व्याही बिचारे पानावर दोन्ही हात आडवे धरून बसले, आणि ओळीच्या टोकावरून आवाज आला, "आमी काय कोरडा भात गिळावा का?" आवाज वडिलांचा होता.

आणि मला एकदम उमगलं. यादी म्हणजे हीच पंगत! प्रत्येकाला फक्त शेजारचा ठाऊक. आमचं फंक्शन हजारावी वस्तू आणायला पहिलीपासून चालत जायचं, आणि हजार-एकावीसाठी परत पहिलीपासून. 'मॅप'कडे दुसऱ्याही प्रकारचा माल येतो, त्यात जागांना नंबर असतात, तिथं थेट जाता येतं. यादीत तसं नव्हतं, पण आमचं फंक्शन दोन्ही प्रकारांना एकच वागणूक देत होतं. सुरुवातीलाच प्रकार ओळखायचा, आणि यादी असेल तर आहे तिथून पुढच्या पानावर सरकायचं. बस्स.

बादली चुलत्यांच्या हातात कोंबली आणि मांडवामागं लॅपटॉप उघडला. जेवणं आटोपेपर्यंत फंक्शन वाऱ्यासारखं पळत होतं.

दोन दिवसांनी मेल आला: बदल घेतला, कामावर कायम. मला इतकं हलकं वाटलं की धावत जाऊन वडिलांना सगळं सांगून टाकलं, पंगतीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी माज्या उपासावर तुजी नोकरी टिकली."

"व्हय."

ते उठले, खिळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली आणि आईला हाक मारली, "अगं, आज वरण कर. आणि याला वाढाया देऊ नको."