वरच्या मजल्यावरचं पाणी

त्या उन्हाळ्यात माझा देवावरचा विश्वास उडाला नव्हता. पण देवाचं आपल्याकडे लक्ष आहे का, याची मात्र शंका येऊ लागली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. सरकारी हिशेब तपासण्याच्या नोकरीत बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो होतो आणि बालीगंजमधल्या एका जुन्या घरात भाड्याने राहत होतो. फाल्गुनात पत्नीला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण तिची झोप गेली ती गेलीच. रात्रभर ती उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडून राही. अंगावर मांस उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “हृदय फार अशक्त झालंय, झोपेची जड औषधं द्यायला मी धजत नाही. आपणहून झोप आली तर त्या उठतील.” नाही आली तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमचं जवळचं माणूस त्या शहरात कुणी नव्हतं. माझ्या हातात होतं ते मी केलं. पहाटे अंघोळ करून, सोवळं नेसून, तिच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात पाट मांडायचा आणि संकल्प सोडून ठरलेल्या माळा जपायच्या. वडिलांनी घालून दिलेले नियम मी काटेकोर पाळत होतो. जागा बदलायची नाही, मध्ये बोलायचं नाही, ओवळं झालं तर पुन्हा अंघोळ करून पहिल्या मण्यापासून सुरुवात करायची.

चैत्र निम्मा झाला आणि वरच्या व्हरांड्याच्या लादीतल्या भेगेतून पाणी गळू लागलं. थेंब कधी पाटाजवळ पडे, कधी नेमका माझ्या खांद्यावर. वर एक विधवा बंगाली बाई एकट्या राहत. सगळं घर त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणे. हे पाणी धुण्याचं की लादी पुसल्याचं, कुणास ठाऊक. मी उठायचा, नळाला धार असेतो पुन्हा अंघोळ करायचा, पुन्हा बसायचा, आणि पुन्हा थेंब. कचेरीची वेळ होई आणि माळा अर्ध्यावर राहत. लादी खराब होऊ नये म्हणून भेगेखाली एक पत्र्याची बादली ठेवली, तरी वाऱ्याने एखादा थेंब भरकटायचाच. हळूहळू माझी खात्री झाली की ही बाई जाणूनबुजून पाणी ओतते. पुढे तर असंही वाटू लागलं, की माझ्या बायकोच्या आणि देवाच्या मध्ये हीच बसली आहे. दिवसभर कचेरीत आकडे तपासताना मनात मी तिच्याशी भांडत असे.

एका सकाळी खांद्यावर थेंब पडला आणि मी तसाच, ओल्या सोवळ्यात, जिना चढून गेलो. माशीमांनी दार उघडलं, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, “पूजा करके आया बाबा, कि पूजा छोड़के?”

मी वरच्या व्हरांड्याकडे बोट दाखवलं. तिथे तुळशीची कुंडी होती. तिच्यावर दोरीने मातीचं मडकं टांगलेलं होतं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात दर्भाची काडी, आणि तिच्यावरून थेंब थेंब पाणी तुळशीच्या मुळाशी. ओसंडलेलं पाणी लादीवर येत होतं. “बोइशाख माश है ना,” त्या म्हणाल्या. “तुलशी को गोरम लगता है.”

आमच्याकडेही वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात. लहानपणी ते भांडं मी स्वतः भरलेलं होतं. पण आमच्या पंचांगात अजून चैत्र चालू होता. बंगाल्यांचा वैशाख आमच्याआधी लागतो हे मला माहीत होतं, तरी डोक्यात आलं नाही. मी वरमलो. पण नियम तो नियम. अडचण सांगितली. त्यांनी कुरकुर न करता कुंडी आणि मडकं दुसऱ्या टोकाला हलवलं. दुसऱ्या दिवशी माझा जप बऱ्याच दिवसांनी निर्वेध पार पडला.

समाधानाने आत गेलो तर पत्नी जागीच. डोळे लाल.

“अहो, ते पाणी का वाजत नाही?”

“कुठलं पाणी?”

“बादलीतलं. रात्रभर वाट बघितली मी. माहेरच्या देवळात गाभाऱ्यात अशीच गळती वाजायची. आई पूजा करायची आणि मी खांबाला टेकून झोपून जायचे. हे आठ-दहा दिवस ते ऐकत पहाटे जरा डोळा लागत होता.”

पहाटे तिचा डोळा लागतो हे मी पाहिलं होतं. फक्त ते माझ्या पुऱ्या न झालेल्या जपाच्या खाती जमा केलं होतं.

मी पुन्हा जिना चढलो. मडकं होतं तिथेच परत टांगा, असं सांगताना जीभ अडखळत होती. माशीमांनी कंबरेवर हात ठेवले. “मराठी बाबू, तुम्हारे ठाकुर को पानी चाहिए कि नहीं, पहले उनसे पूछके आओ.” त्यांच्या बोलीत ठाकुर म्हणजे देव. मग मी कारण सांगितलं. त्यांचा हसरा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पदर खोचला आणि दोघांनी मिळून ते मडकं परत भेगेपाशी आणलं. “रात को भी भर देगा,” त्या म्हणाल्या. “हमको भी नींद कहाँ आता है.”

दुसऱ्या पहाटे पाटावर बसलो. थेंब खांद्यावर पडला. तोच थेंब, तितकाच गार. आदल्या दिवसापर्यंत त्याच्या नुसत्या चाहुलीने माझं अंग ताठ व्हायचं. त्या दिवशी मी उठलो नाही. आतून तिच्या संथ श्वासाचा आवाज येत होता. माळ कितव्या मण्यावर आहे हे विसरलो, आणि विसरल्याचं वाईट वाटलं नाही.

बंगाल्यांचा वैशाख संपला तसं माशीमांनी रिवाजाप्रमाणे मडकं उतरवलं. अजून काही दिवस राहू द्या, असं म्हणावंसं मला वाटलं होतं. पण म्हटलं नाही. ज्या देवाने ते मागितल्यावाचून लावलं होतं त्याच्यावरच सोडलं. त्या सकाळी व्हरांड्यात काहीच वाजत नव्हतं. मी दारातून डोकावलो. पत्नी कुशीवर वळून झोपली होती. ऊन पलंगावर आलं, दूधवाला येऊन गेला, तरी ती उठली नाही, आणि मी कचेरीला न जाता उंबऱ्यात बसून राहिलो. उठली तेव्हा आधी मलाच रागावली, “इतका उशीर झाला, हाक का नाही मारलीत?” आणि मग म्हणाली, “मऊ भात टाका जरा. भूक लागलीय.”

याला कुणी योगायोग म्हणेल. माझा वाद नाही. मी मागितलं होतं आणि मला मिळालं होतं, एवढंच मला ठाऊक आहे. ते कुठल्या वाटेने यावं हेही मीच ठरवायला निघालो होतो, म्हणून दारात आलेलं मला ओळखता आलं नाही. त्या दिवशी दुपटीने भात टाकला आणि अर्धा वर माशीमांकडे पोचवला.