भरलेली जीप

मुरबाडहून कल्याणला जीप नेणारा आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा आणि तोंडाने फटकळ. जीप भरल्याशिवाय तो हलत नाही. तिघांच्या सीटवर चौथा कोंबताना त्याला कुणाची दया येत नाही. लहानपणी त्याने कार्टून कधी पाहिलंच नव्हतं. हल्ली नातीने मोबाइलवर लावून दिल्यापासून मात्र सीट भरेपर्यंत तो तेच बघत बसतो.

परवा जीप खच्चून भरली, तरी सुटेना. माझी दाढ ठणकत होती, कल्याणचा डॉक्टर गाठायचा होता. मी ओरडलो, "अहो, निघा की!"

"थांबा वो मास्तर. पिल्लाची आय हरवलीय. ती भेटल्याबिगर चावी नाय लावायचा."

शेजारची भाजीवाली मोबाइलात डोकावली आणि मागच्या बाईला म्हणाली, "अस्वलाचं हाय गो!"

शेवटी आई भेटली. काच पुसायच्या फडक्याने डोळे पुसून त्याने गाडी सुरू केली.

"पहिल्यांदाच पाहिलंत?" मी विचारलं.

"छ्या! रोज बघतो."

"मग ती भेटते हे ठाऊक होतं ना?"

"रोज भेटते वो," गिअर टाकत तो म्हणाला. "पन एखांद्या दिवशी नाय भेटली, तर? पोराला तसंच टाकून कल्यानला जाऊ?"