दादाचा निरोप, जो मी दिला नाही

माझ्या दादाच्या मरणात माझा हात आहे.

आज वर्ष झालं. आता तरी बोलते.

तुम्हा सगळ्यांना एवढंच माहीत आहे की शिरोड्याचा सत्यवान होडीतून पडून गेला. त्याआधीचं ऐका.

शिमग्याच्या सुमारास होडी किनाऱ्यावर ओढताना तो घसरला आणि डोकं होडीच्या काठावर आपटलं. स्कॅन नॉर्मल. डॉक्टर म्हणाले कन्कशन आहे, मेंदूला हादरा बसलाय, वेळ लागेल.

वेळ कसला! मिक्सर लावला तरी ओरडायचा. जेवणाचं ताट भिरकावायचा आणि मग स्वतःच रडत बसायचा. माझा दादा, ज्याने कधी कुत्र्याला हाड केलं नाही.

मग ऑनलाइन रिहॅब सुरू झालं. दर गुरुवारी अकराला पुण्याच्या थेरपिस्ट मॅडम व्हिडिओ कॉलवर यायच्या. राग आला की काय करायचं, रोज किती चालायचं, डोकं कशाने दुखतं ते वहीत लिहायचं.

आणि गुण येत होता हो! ताट भिरकावणं थांबलं होतं.

आमच्याकडे रेंज फक्त खळ्यात. म्हणजे घरासमोर, अख्ख्या वाडीच्या नजरेत. पावसाळ्यात वर ताडपत्री बांधून, मोबाईल तुळशीला टेकवून आम्ही दोघं बसायचो. मॅडमसमोर दादाला शब्दच सुचायचे नाहीत. तो मालवणीत मला सांगायचा, मी मराठीत त्यांना.

"तू मास्तरीण. तू नीट सांग गो बाय."

मासेमारीची पावसाळी बंदी उठायला आठवडा राहिला तेव्हा मॅडमनी विचारलं, "होडीवर जायचं म्हटलं की कसं वाटतं तुम्हाला?"

दादा माझ्या कानाशी आला.

"बाय, माका पाण्याची भीती वाटता. होडी बघलंय काय पाय लटपटतत. सांग तिका."

समोरच्या पडवीत शेजारची काकी नारळाच्या झावळ्यांची झापं विणत बसलेली. कान आमच्याकडेच.

आमच्या घरातला पुरुष आणि पाण्याला भितो? उद्या वाडीभर झालं असतं. लाज वाटली मला. दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "थोडं टेन्शन आहे मॅडम, पण उत्सुक आहेत."

मॅडम म्हणाल्या, मग सुरुवात करूया. किनाऱ्याजवळच, कुणाला तरी सोबत घेऊन, फक्त अर्धा तास.

कॉल संपल्यावर दादाने विचारलं, "सांगलंस मा तिका?"

"होय."

"मगे ती म्हणता तर जातंय."

बंदी उठली. नारळ देऊन होडी काढली. चुलतभाऊ सोबत होता, समुद्रही शांत होता. जाळं ओढायला दादा उभा राहिला, त्याला गरगरलं आणि तो पाण्यात गेला. चुलतभावाने उडी मारून त्याला वर काढलं, पण उशीर झाला होता.

तेराव्यानंतर मॅडमचा फोन आला.

"ते भीतीबद्दल कधी काही बोलले होते का हो? माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "नाही. काहीच नाही बोलले."

त्यांच्याशी दुसऱ्यांदा खोटं.

एक वर्ष ती बाई स्वतःला दोष देत असेल आणि मी शाळेत फळ्यावर सुविचार लिहीत होते. थू माझ्यावर.

मॅडम, तुम्हाला टॅग केलंय. तो बोलला होता. मला बोलला होता. तुमचं काही चुकलं नाही.

दादा, 'भावपूर्ण' वगैरे लिहायला घेतलं तर तू म्हणशील, "शाळेतला मराठी हयसर घरात नको." नाही लिहीत.

तुझो निरोप आज दिलंय रे. तिकाच नाय, अख्ख्या वाडीक.

जंय आसशीत थंय बरो रव.