विलासची सोयरीक आणि पंचवटीतले फ्यूज

इलेक्ट्रिकच्या दुकानदाराला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. लोक आपणहून घरपोच आणून देतात. हातात जळका होल्डर, तोंडात "कालपर्यंत चांगला चालत होता हो," आणि मागोमाग किस्सा! त्यातही सगळ्यात जास्त किस्से दिले ते फ्यूजनं. एवढीशी बारीक तार, पण माणसांची अब्रू तिच्यात अडकलेली.

पंचवटीत कारंजाजवळ माझं दुकान. शेजारी मोटार रिवाइंडिंगवाले बापू. वयानं आमच्यापेक्षा मोठे, आणि जिभेनं त्याहून मोठे. दुकानासमोरच्या बाकड्यावर विलास वायरमन. गिऱ्हाइकाचा फोन माझ्याकडे यायचा आणि विलास पिशवी उचलून निघायचा.

विलासचं काम चोख, माणूस सरळ. फक्त लग्न जमत नव्हतं! मुलीचे वडील 'वायरमन' हा शब्द ऐकला की हातातला कप खाली ठेवायचे. त्याची आई कपालेश्वराचं दर्शन घेऊन येताना माझ्या दुकानात डोकवायची. "काही कळलं का रे कुठे?" जसं काही मी स्विच-होल्डरच्या शेजारी मुलीही मांडून बसलोय! आम्ही विलासची टिंगल करायचो, तोही हसायचा. पण पस्तिशी जवळ आली होती आणि त्याला ते लागत होतं. घरी जायची वेळ झाली तरी बाकड्यावरून उठायचा नाही.

०

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. हिरावाडीतले एक काका तणतणत दुकानात आले आणि फ्यूजच्या तारेचं कार्ड काउंटरवर आपटलं.

"डुप्लिकेट माल विकता! आठवड्यात तिसऱ्यांदा जळली!"

विलासनं शांतपणे समजावलं. "काका, ती जळण्यासाठीच असते. घरात कुठे जास्त करंट ओढला गेला, की आधी ही वितळते. लाइन तुटते, पुढची वस्तू वाचते. तुमचा नवा फ्रीज वाचला तो हिच्यामुळेच. कॉम्प्रेसरमध्ये काहीतरी गडबड दिसतेय."

"म्हणजे फ्रीज जळणार होता?"

"जळला असता!"

"मग जळू द्यायचा ना!" काका कडाडले. "फ्रीजला गॅरंटी आहे, तुमच्या तारेला कुठे आहे?"

बापूंनी आपल्या दुकानातूनच कोपरापासून हात जोडले.

०

भाजी मार्केटातले अण्णा म्हणजे आमच्या भागातली बडी असामी. मोठं घर, मोठा टीव्ही, आणि त्या टीव्हीला मोठा स्टॅबिलायझर. तो सारखा बंद पडायचा. हल्ली तो बंद पडत नाही, पण आतून वास येतो, अशी तक्रार आली म्हणून मी आणि विलास गेलो.

विलासनं मागचा काचेचा फ्यूज काढला. आतली तार कधीच जळून गेलेली, आणि काचेच्या नळीवर चमकता कागद गुंडाळून कुणीतरी काम भागवलेलं. असं केलं की फ्यूज उडायचं नाव घेत नाही, मग टीव्ही उडतो!

"अण्णा, ही चांदी कुणी गुंडाळली?"

"मीच. डोकं चालवलं!" अण्णा छाती फुगवून म्हणाले.

विलासनं कागद उलगडला. आत तंबाखूचे कण. सिगारेटच्या पाकिटातली चांदी! आणि अण्णांनी तर दोन वर्षांपूर्वी काळारामासमोर सिगारेट सोडल्याची शपथ घेतलेली. शपथ घ्यायला लावणाऱ्या काकू मागेच उभ्या होत्या.

"कसली आहे हो ती चांदी?" काकूंनी विचारलं.

अण्णांचा चेहरा बघवेना. त्यांनी विलासकडे असं बघितलं की दगडालाही दया यावी.

"पेढ्याच्या बॉक्समधली दिसतेय," विलास म्हणाला आणि कागदाची गोळी करून खिशात टाकली.

अण्णा उपकार विसरणारे नव्हते. महिन्याभरात त्यांनी विलाससाठी सिन्नरकडचं स्थळ आणलं. पाहुण्यांना आपल्याच घरी बोलावलं आणि सांगितलं, "पोरगा लय भरवशाचा! माझी गॅरंटी!"

मुलीच्या वडलांनी साधाच प्रश्न विचारला. "कशावरून?"

अण्णांनी तोंड उघडलं. शेजारी काकू बसल्या होत्या. अण्णांनी तोंड मिटलं.

ते स्थळ तिथेच गेलं.

०

मग बापूंनी विलासची शिकवणी घेतली. कारण त्याच्या आधीच्या एका ठिकाणी मुलीच्या मामानं विचारलं होतं, "शॉक वगैरे बसतो का कधी?" आणि आमच्या हरिश्चंद्रानं उत्तर दिलं होतं, "बसतो ना, थोडाफार."

"अरे बैला, नाही म्हणायचं!" बापू म्हणाले.

पुढच्या ठिकाणी तोच प्रश्न आला. विलास ठणकावून म्हणाला, "आजपर्यंत कधीच नाही!"

मुलीच्या काकांनी बापूंना बाजूला घेतलं. "मुलगा दिसायला बरा आहे हो. पण कामधंदा करतो की नाही?"

०

लासलगावकडच्या एका शेतकऱ्यानं विहिरीवरची मोटार बापूंकडे आणली. कॉइल जळून कोळसा झालेली.

"फ्यूज उडाला नाही का?" बापूंनी विचारलं.

"उडायचा की! सारखाच उडायचा. मग म्या त्याच्यात खिळा टाकला. आता उडतच नाय! एकदम बेस काम हाय!" आणि त्यानं मोठ्या प्रेमानं तो खिळा पिशवीतून काढून दाखवला.

"मोटार जळली त्याचं काय?"

"त्ये मोटारीचं झालं. फ्यूज बघा ना, कसा टिकला!"

बापूंनी मोटारीत नवी कॉइल भरून दिली, योग्य जाडीची तार दिली, आणि खिळा मात्र मागून घेतला. तो त्यांनी देवाच्या फोटोखाली टांगला. "अशा खिळ्यांवर माझं घर चालतं," म्हणायचे. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा झाली, तशी खिळ्याचीही झाली. हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल.

नेमका त्याच दिवशी तो शेतकरी दुसरी मोटार घेऊन आला! चपला बाहेर काढल्या, फोटोला हात जोडले, खाली बघितलं आणि खिळ्यालाही मनोभावे नमस्कार केला.

"ह्यो कुठला देव हाय, बापू?"

"तुमच्याच विहिरीवरचा!" बापू म्हणाले.

०

आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचे एक सल्लागार होते. भाषणाचा भारी सोस. आरती झाली की माइक धरायचे, आणि प्रसादाची वाटी हातात घेऊन लोक ताटकळत उभे. एका वर्षी त्यांच्या भाषणात नेमका फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. लोक खूश!

मी विलासला पकडलं. "खरं सांग, काय केलंस?"

"काहीच नाही. मंडपाला जेवढी लागते तेवढीच तार टाकली. ते बोलायला उभे राहिले की शूटिंगवाला हॅलोजन लावतो, मग लोड वाढतो. त्यांना आवरतं घ्यायला सांगा, नाहीतर हॅलोजन बंद करायला सांगा."

"मग सांगितलंस का?"

"मला कुणी विचारलंच नाही!"

पुढच्या वर्षी गणपती बसायच्या आधी एक बाई दुकानात आल्या. सल्लागारांच्या मंडळी! इकडेतिकडे बघून हळूच विलासला म्हणाल्या, "भाऊ, यंदाही तेवढीच तार टाकाल ना?"

०

पुढे फ्यूजचा जमाना सरत आला आणि घरोघरी एमसीबी लागले. लोड जास्त झाला की खटका आपोआप खाली पडतो, दोष काढायचा आणि तो वर करायचा. तार बदलायची कटकट नाही. विलासनं सरदार चौकातल्या एका आजींना सगळं नीट समजावून दिलं.

चार दिवसांनी आजींचा फोन. जाऊन बघतो तर खटका वर, आणि त्याला सुतळीनं करकचून बांधलेलं!

"सारखा पडायचा मेला! म्हणून बांधला. तर आता जागेवर असतो आणि तरी लाइट जाते!"

"आजी, बांधला तरी आतून तो सुटतोच. तशीच सोय आहे त्यात. आधी तुमचा गिझर बघू द्या."

आजींनी झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेल्या आजोबांकडे एक कटाक्ष टाकला. "म्हणजे ह्यांच्यासारखंच! बसलेले घरात दिसतात, पण आतून कधीचे सुटलेत!"

०

आता शेवटचा. हा सांगितल्याशिवाय बापू आजही कुणाला चहा पिऊन जाऊ देत नाहीत.

पिंपळगाव बसवंतचं स्थळ आलं. मुलगी शोभा, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. वडील तात्या, कांद्याच्या मार्केटात मापारी. मी आणि बापूही बरोबर निघालो. विलासची आई जीपमध्ये बसतानाच म्हणाली, "हे शेवटचं. हे नाही जमलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जायची नाही." विलासनं त्या दिवशी दाढी दोनदा केली होती.

तात्यांच्या घरी दुपारचा कार्यक्रम. खोलीभर माणसं. तात्या गंभीर. "विजेचं काम म्हंजे जिवाशी खेळ," असं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं. मुलीला नाव-शिक्षण विचारून झालं, ती आत गेली. तिला काही बोलायचं असावं असं मला वाटलं, पण आत्या, मावशी, काकू सगळ्या तिच्या वतीनं बोलत होत्या.

आणि पंखा बंद पडला.

"लोडशेडिंग!" सगळे एका सुरात म्हणाले. तेव्हा ते रोजचंच होतं. पण शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. विलासच्या कानानं ते बरोबर टिपलं. "मी बघतो," म्हणून तो मागच्या दाराला मीटरकडे गेला. थोड्या वेळानं तात्याही त्याच्या मागे गेले. दोघं परत आले तेव्हा विलासचे कान लालबुंद.

"काय झालंय?" मी विचारलं.

"गेलीय," एवढंच म्हणाला आणि खाली मान घालून बसला.

घामाघूम होत चहा प्यायलो. तात्या म्हणाले, "कळवतो." ह्या 'कळवतो'चा अर्थ आम्हाला पाठ होता. जीपमध्ये विलासची आई पदरानं डोळे पुसत होती. मला फार वाईट वाटत होतं.

ओझरला चहाला थांबलो. विलासनं रुमाल काढायला खिशात हात घातला आणि टेबलावर ठक्कन काहीतरी पडलं. चिनी मातीचा पांढरा फ्यूज!

"हा कुणाचा?" बापूंनी विचारलं.

विलासचा चेहरा पांढराफटक. "तात्यांचा."

आता, वायरमन लोकांची एक सवय असते. लाइनवर काम करायचं तर आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. म्हणजे आपला हात तारेवर असताना दुसरा कुणी शहाणा तो बसवणार नाही. इतकी वर्षं हेच केल्यावर हाताला फ्यूज लागला की हात आपोआप खिशात जातो.

"मुलगी बघायला गेला होतास की चोरी करायला?" बापू ओरडले.

"मी नाही काढला! तिनं काढला होता! मीटरपाशी हातात धरूनच उभी होती. म्हणाली, घरात कुणी बोलू देत नाही, म्हणून तुम्हाला इकडे बोलवायला काढला. आणि म्हणाली, मी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, बसनं येऊन-जाऊन करीन. चालणार असेल तर हा फ्यूज बसवा, म्हणजे मी समजून जाईन. चालणार नसेल तर नका बसवू."

"मग?"

"मग तात्यांची चाहूल लागली. तिनं फ्यूज माझ्या हातात कोंबला आणि आत पळाली. तात्या म्हणाले, लाइट कुठे गेली? आणि मला काही सुचेचना."

"तुला चालणार आहे का तिची नोकरी?" त्याच्या आईनं विचारलं.

"मला तर आवडली ती!" विलास म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून असं वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

"अरे गाढवा!" आई उभीच राहिली. "म्हणजे तू तिला नाही म्हणून आलास! जीप वळवा आधी!"

पिंपळगावला पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. सगळ्या गल्लीत उजेड, आणि तात्यांच्या एकट्या घरात मेणबत्ती. तात्या ओट्यावर पेपरनं वारा घेत बसलेले. विलासच्या हातातला फ्यूज त्यांना लांबूनच दिसला.

"अरे, ह्यो तर आमचा! तुम्ही नेला व्हय?"

विलास बोळातून थेट मागे गेला. आतून कुणीतरी घाईघाईनं मागच्या दाराकडे गेल्याचं आम्हाला दिसलं. क्षणभरानं घरातले सगळे दिवे लागले, पंखा गरगरला, टीव्ही मोठ्यानं बोलायला लागला.

शोभा पुढच्या दारात आली. रडून डोळे सुजलेले, आणि हसू आवरत नव्हतं.

"तात्या, ह्यांना हो म्हणा."

"अगं पण, फ्यूज चोरून नेला त्यानं!"

"बसवला ना पण शेवटी?" शोभा म्हणाली. "मग हो म्हणून टाका!"