गंजीच्या पोटातली ऊब

माझं बोलणं आमच्या गावात निम्म्यानं घेतात. मी दहा फुटी साप सांगितला की ऐकणारा मनातल्या मनात त्याचा पाच फुटी करतो, आणि एखादा तर 'दोरी असन' म्हणून चहा प्यायला लागतो. माझी तक्रार नाही. तेव्हा आमच्या कडब्याची गंजी एवढी उंच झाली होती की घारींना वळसा घालून जावं लागायचं, आणि मालेगावच्या बसचा कंडक्टर तिथं घंटी मारून 'चला, गंजीवाले उतरा' म्हणायचा, हे तुम्हीही निम्म्यानंच घ्या. पुढचं मात्र आहे तेवढंच घ्या. ते कमी करता आलं असतं तर मीच केलं असतं.

आम्ही दोघं भाऊ, शेत एकत्र. सगळीकडे सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. पण नाल्याकाठच्या पट्टीत दादा ज्वारी पेरायचाच. बाकी गावानं ज्वारी कधीच सोडली होती. रानडुकरं लोळवतात, पाखरं खातात, राखणीला माणूस मिळत नाही. दादाचं एकच, "ते पट्टी ढोरायची हाय." वर माणसाची भाकर, खाली बैलाचा कडबा, एका ताटावर दोघांची पोटं.

गोठ्यात एक गाय आणि एक म्हातारा पांढरा बैल. बैलाचा जोडीदार दोन वर्षांमागं गेला होता. पेरणीला ट्रॅक्टर यायचा, एकट्या बैलाला काम असं उरलं नव्हतं. तरी दादा त्याला तण काढायचा हलका डवरा जुंपून तुरीत फिरवायचा, आणि दोघं एकमेकांशी न बोलता दिवस काढायचे. त्या बैलावर मी पुष्कळ थापा मारल्या. त्याला सोयाबीनचे भाव कळतात, भाव पडले की कान पाडतो, वगैरे. खरी गोष्ट एवढीच की सोयाबीनच्या कुटारानं, म्हणजे मळणीतल्या भुशानं, त्याचं पोट फुगायचं. ढोरांच्या डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं, याला कडबाच घाला. म्हणजे पट्टीतली ज्वारी होती तोवर बैल होता.

त्या वर्षी पाऊस आधी आलाच नाही, आणि आला तो मग गेलाच नाही. कणसं खुडायच्या वेळेला दाणा काळा पडला. वहिनीनं ओंजळीत घेऊन पाहिला आणि म्हणाली, "कोंबड्याईले तं होईन." भाकर गेली. उरला कडबा.

पेंढ्या बांधून शेतातच उभ्या करून ठेवल्या, शेंडे वर, बुडं खाली, ऊनवारा लागावा म्हणून. तेवढ्यात दादाच्या सासुरवाडीहून, धनजहून, मयतीचा निरोप आला. मोटारसायकलला किक मारता मारता दादा म्हणाला, "दोन रोज हात लावजो नको. बुडं ओली हायेत."

"हातच काय, नजरबी नाई लावत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये पाऊस. टपरीवर बसल्या बसल्या माझ्या तोंडून निघून गेलं, "आज सांजेलोक गंजी उभी नाई केली तं मिशी काढून देतो!"

टपरीवाले चाचा गाळणी आपटत म्हणाले, "अरे, पहले मूंछ तो उगा!"

सगळी टपरी हसली. झालं. चार बाया मजुरीला घेतल्या आणि सांजेपर्यंत गंजी उभी केली. रचताना त्यातली एक म्हणाली होती, "भाऊ, आतून वल्लं हाय हे."

"वरून वजन पडलं का पानी आपोआप पिळून निघते, मावशी." असलं शास्त्र मला उभ्या उभ्या सुचतं. गंजी खरंच देखणी झाली. लोक फोटो काढून गेले. आणि पाऊस? एक थेंब नाही. त्या ढगांनीसुद्धा मला निम्म्यानं घेतलं असावं.

दादा परत आला तो उजवा हात गळ्यात बांधून. वाटेत गाडी घसरली होती, बरगड्यांनाही मार बसला होता. गंजीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, आता शिव्या. तो म्हणाला, "बांधली मस्त. पन घाई केली बापा."

आमच्याकडे गंजी रचली की तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात हात घालून पाहतात. कमरेच्या उंचीला, खांद्यापर्यंत. थंड लागलं तर वर्षाची काळजी मिटली. गरम लागलं तर आत कडबा कुजायला लागला समजायचं, त्याच दिवशी गंजी मोडायची, पेंढ्या पसरायच्या, वाळवून पुन्हा रचायची. तिसऱ्या दिवशी दादा डावा हात घालायला पुढं झाला. मी त्याला बाजूला केलं. "थांब, तुह्या बरगड्या दुखून राह्यल्या. मी पाह्यतो."

हात आत गेला. कोपरापर्यंत काही नाही. पुढं ऊब लागली. मग ऊबही नाही, ताप. तापानं फणफणलेल्या लेकराच्या पोटावर हात ठेवावा तसं, ओलसर. मी बोटं मिटून घेतली.

"काय हाय?" दादानं विचारलं.

गंजी मोडायची म्हणजे टपरीसमोरून पुन्हा मजूर न्यायचे. चाचा काय म्हणतील ते मला शब्दांसकट ऐकू आलं. आणि मनानं हळूच सुचवलं, निघेल ऊब चार दिवसांत, आपोआप.

"थंड हाय," मी म्हणालो.

'विहिरीतल्या कासवाच्या पाठीसारखी थंड' असं म्हणालो असतो, तर दादानं नक्की स्वतःचा हात घालून पाहिला असता. पण मी जन्मात पहिल्यांदा साधं बोललो. त्याला ते खरं वाटलं.

संक्रांतीपर्यंत बांधावरचा नि तुरीतला चारा पुरला. तोवर गंजी मधून बसत गेली होती आणि तंबाखूसारखा गोडसर वास यायला लागला होता. मी त्या बाजूनं जाणंच सोडलं. शेवटी दादानंच ती उघडली. बाहेरचे दोन थर सोन्यासारखे. आत सगळं काळं, आणि पेंढी ओढली की पांढरी बुरशी धुरासारखी उडायची. त्यातली एक पेंढी झाडून त्यानं बैलापुढं धरली. बैलानं हुंगलं आणि मान फिरवली. दादानं दुसरी धरली. मग तिसरी. मी म्हणालो, "राहू दे ना दादा." तो ऐकेना.

गावात कडबा कोणाकडेच नव्हता. ज्वारीच नव्हती तर कडबा कुठला? बाहेरचे थर गाईपुरते झाले. बैलाची हाडं वर यायला लागली तसा मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा एक ओळखीचा माणूस त्याला न्यायला तयार झाला. त्याच्याकडे डोंगरउतारावरचं कापलेलं गवत होतं. मेटॅडोरमध्ये बैल चढेना. दादानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तो चढला.

आमच्यात ढोर देतात, पण दावं देत नाहीत. दावं गोठ्यात राहिलं की त्याच्यामागं दुसरं ढोर येतं. तांड्यावरचा माणूस स्वतःचा दोर घेऊनच आला होता. पण दादानं बैलाच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सोडली नाही. "असू दे," म्हणाला, "याचीच सवय हाय त्याले."

गाडी गेल्यावर आम्ही दोघं गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो. मी सांगून टाकलं. हात घातला तेव्हाच गंजी तापलेली होती, मला कळलं होतं, मी खोटं बोललो.

दादा माझ्याकडे पाहून थोडंसं हसला. "कायले सांगतं असं? माह्या मनाचं ओझं कमी कराले?"

"खरं सांगतो दादा. आईची आन."

"हो बापा, तुह्यं सारं खरंच असते." त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "चूक माहीच हाय. डावा हात तं चांगला होता. म्याच घालून पाह्यला पायजे होता."

मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्या वेळेला तो उठला आणि रिकामी दावण झाडायला लागला. पाठमोराच म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्याले सांगून ये. यंदा नाल्याच्या पट्टीतबी सोयाबीनच घेऊ."

मी सांगून आलो.